पाणबुडीसाठी बॅलास्ट: शिसं, पोलाद की काँक्रीट?

प्रश्न : आम्ही तिघं मित्र भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. सुट्टीच्या दिवशी एका माणसाची छोटी पाणबुडी बांधतोय. ९० सेंटिमीटर व्यासाचं नळकांडं, ६ मिलिमीटरचं प्लेट, दोन्ही टोकांना अर्धगोल. दाबाची आकडेमोड एका जाणकार इंजिनिअरकडून तपासून घेतली आहे. टॉवर धरून बाहेरचं घनफळ साधारण २००० लिटर होतं. कवच, बॅटऱ्या, मोटारी आणि आत बसणारा माणूस मिळून वजन १००० किलोच्या आसपास जातं. बॅलास्टसाठी, म्हणजे बुडायला लागणाऱ्या जादा वजनासाठी, एक मित्र म्हणतो शिसं ओतू. दुसरा म्हणतो तळात काँक्रीट भरू, स्वस्त पडेल. शेजारच्या प्रेस शॉपमधून पंचिंगचं भंगारही, म्हणजे पत्र्याला भोकं पाडताना पडणाऱ्या चकत्या, मिळतंय. काय घ्यावं? चाचणी खडकवासल्यात करायचा विचार आहे.
– एक वाचक, भोसरी

उत्तर : पत्रात साहित्याची तीन नावं आहेत, पण वजन कवचाच्या आत बसणार की बाहेर, आणि त्यातलं किती आतल्या माणसाला सोडता येणार, हे कुठेच नाही. मी धातुशास्त्र शिकले आणि नोकरीची सगळी वर्षं ओतशाळेत काढली, त्यामुळे शिसं आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हे माझे आवडते विषय. तरीही सांगते, आधी जागा ठरवा. जागा ठरली की धातू ठरायला वेळ लागत नाही.

तुमचं घनफळ २००० लिटर, म्हणजे पूर्ण बुडाल्यावर ती गोड्या पाण्यात २००० किलो पाणी बाजूला सारणार. तुमच्याकडे आहेत १०००. उरलेलं १००० किलो वजन नुसतं बुडण्यासाठी हवं. घरी पाणबुडी बांधणाऱ्या बहुतेकांचं लक्ष ती वर कशी येईल याच्यावर असतं, आणि खाली जायलाच एक टन कमी पडतोय हे फार उशिरा कळतं. तुम्ही आत्ताच विचारलंत हे बरं झालं, कारण एवढं वजन नंतर कोंबायला जागा उरत नाही.

आता आत आणि बाहेर यांतला फरक. कवचाच्या आत ठेवलेला एक किलो हा एक किलोच. बाहेरचं घनफळ बदलत नाही. पण तेच वजन बाहेर, पाण्यात लटकवलं तर ते स्वतःही पाणी सारतं आणि तेवढं हलकं होतं. शिसं पाण्याच्या ११.३४ पट जड, पोलाद ७.८५ पट, राखाडी बीड साधारण ७.२ पट, आपल्याकडचा काळा बेसॉल्ट २.९च्या जवळपास आणि नेहमीचं खडीचं काँक्रीट २.४. हे आकडे तुमच्या १००० किलोंना लावून बघा. सगळं वजन बाहेर लावायचं तर शिसं १०९७ किलो लागेल, पोलाद ११४६ किलो आणि काँक्रीट १७१४ किलो. स्वस्त म्हणून घेतलेलं काँक्रीट पाऊण टन जादा होऊन ट्रेलरवर बसतं. ते आत भरलंत तर वजन १००० किलोच राहील, पण जागा ४१७ लिटर जाईल, म्हणजे एकूण घनफळाचा पाचवा हिस्सा. ९० सेंटिमीटरच्या नळकांड्यात माणसाचे पाय कुठे जाणार?

काँक्रीटला माझा विरोध आणखी एका कारणाने आहे आणि तो जास्त पक्का आहे. कवचाला चिकटवून काँक्रीट ओतलं की त्याखालचे वेल्ड पुन्हा कधी दिसत नाहीत. सिमेंटमधला क्षार पोलादाला गंजू देत नाही हे खरं. सळया त्याच्यामुळेच टिकतात. पण काँक्रीट आकसतं, कवच आणि त्याच्यामध्ये केसाएवढी फट पडते, आणि त्या फटीत साचलेलं पाणी वर्षानुवर्षं तिथेच राहतं. दाब सहन करणाऱ्या कवचाचा इंच न् इंच तपासता आला पाहिजे. शिवाय काँक्रीट पाणी पितं. टनभर काँक्रीटने तीन टक्के पाणी शोषलं तर ३० किलोंचा फरक पडला, आणि पाणबुडीत ३० किलो म्हणजे तरंगणं आणि तळाला टेकणं यांतलं अंतर.

पंचिंगच्या भंगाराचं काय? चकत्या कितीही हलवून भरल्या तरी मध्ये पोकळ्या राहतात. अशा ढिगात घन पोलाद साठ टक्क्यांच्या आसपास बसतं. म्हणजे ७.८५ चा आकडा ४.७ वर येतो. हाच हिशोब शिशाच्या छर्‍यांनाही लागू आहे, आणि तिथे तो फार लोकांच्या लक्षात येत नाही. सुटे छर्रे भरलेली पिशवी ७ पट जड भरते, म्हणजे घन पोलादाच्या पट्टीपेक्षाही कमी. महागाचं शिसं घेऊन पोलादाहून हलकं बॅलास्ट करण्यात काही अर्थ नाही.

आणि कृपा करून केबिनच्या आत, पायाखाली, उघडं लोखंडी भंगार ठेवू नका. गंजणारं लोखंड हवेतला ऑक्सिजन खातं. जहाजावरच्या नांगराच्या साखळीच्या बंद खोलीत उतरताना हवा तपासतात ती याचसाठी. पाव-अर्धा टन चकत्या, त्यांचा प्रचंड पृष्ठभाग, घामाचा आणि श्वासाचा ओलावा, आणि वरून झाकण बंद. प्रेस शॉपच्या मालाला तेलही असतं. त्याचा वास बंद जागेत डोकं चढवतो. लेथवरची बरी, म्हणजे धातूचा कीस, तर आणखी वाईट, ती वजनाने नगण्य आणि तेलाने भरलेली.

माझं म्हणणं असं : कायमचं वजन कवचाच्या बाहेर, तळाखाली, वेल्ड केलेल्या लांब पेटीत घाला, आणि ते घन पोलादाच्या पट्ट्यांचं करा. प्लेट कापताना उरलेल्या जाड पट्ट्या भोसरी-चाकणच्या कुठल्याही कटिंगवाल्याकडे पडून असतात. पेटीच्या मापाच्या कापून, प्रायमर मारून, एकावर एक रचा आणि बोल्टने आवळा. पट्ट्या काढता-घालता आल्या पाहिजेत. पेटी एकतर पाण्याला पूर्ण मोकळी ठेवा, खाली-वर भोकं पाडून, किंवा आत हवेचा थेंबही न ठेवता सिमेंटच्या घोळाने गच्च भरा. अर्धवट बंद पेटी नको. १० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा जादा दाब असतो; पोकळ पेटी चेपते किंवा गळते, आणि गळाली की तुमचा सगळा हिशोब बदलतो. पंचिंगचं भंगार वापरायचंच असेल तर ते याच बाहेरच्या पेटीत, तेल धुऊन, घोळात बसवून. त्याचं एकूण मिश्रण पाण्याच्या पाचपट भरलं तरी मी समाधान मानेन.

तळाखालीच का, हे नीट समजून घ्या. पाण्यावर तरंगणाऱ्या होडीला तिच्या रुंदीचा आधार मिळतो. पूर्ण बुडालेल्या पाणबुडीला तो नसतो. तिला सरळ ठेवतं फक्त एक अंतर : वर उचलणाऱ्या जोराचा मध्य वर आणि वजनाचा मध्य खाली, त्या दोघांमधलं. तुमच्या २००० किलोंच्या पाणबुडीत हे अंतर १० सेंटिमीटर असेल आणि ७५ किलोंचा माणूस अर्धा मीटर पुढे सरकला, तर नाक सुमारे साडेदहा अंशांनी खाली जाईल. अंतर ५ सेंटिमीटरच असेल तर वीस अंशांच्या वर. १५ केलंत तर सात अंश. आत बसलेल्या माणसाला हा फरक पोटात जाणवतो. केबिनच्या फळीवर ठेवलेलं शिसं हे अंतर जितकं वाढवतं त्याहून जास्त पेटीतलं साधं पोलाद वाढवतं, कारण ते आणखी खाली आहे. म्हणून महाग धातू घेण्याआधी वजन खाली न्या.

शिसं मग कुठे? बारीक तोल साधायला. पाणबुडे कमरेच्या पट्ट्यात ओवतात तसली एक-दोन किलोंची ओतीव वजनं घ्या, वरून रंगवलेली किंवा प्लास्टिकचं आवरण असलेली. पुढे-मागे सरकवता येतील असा एक खाचांचा पट्टा करा, आणि प्रत्येक वजनाला पिन ठेवा म्हणजे ते कलल्यावर घसरणार नाही. आत बसणारा माणूस बदलला की वजनातला फरक इथे आणि आतल्या छोट्या टाकीत भरून काढायचा. पुढेमागे तारकर्लीला जायचं मनात असेल तर लक्षात ठेवा, समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असतं. २००० लिटरच्या पाणबुडीला तिथे ५० किलो वजन जादा लागेल. विहिरीत अचूक बुडणारी पाणबुडी मालवणला वरच तरंगत राहील. त्या पन्नास किलोंची जागा पेटीत आत्ताच रिकामी सोडा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. बाहेरच्या वजनातला एक तुकडा असा हवा, जो आतल्या माणसाला हाताने, विजेशिवाय, दाबलेल्या हवेशिवाय सोडता येईल. पहिल्या लढाऊ पाणबुडीपासून हे चालत आलं आहे. अमेरिकेत डेव्हिड बुशनेलने १७७५ साली बांधलेल्या ‘टर्टल’च्या तळाला शिसं होतं, आणि त्यातलं सुमारे २०० पौंड, म्हणजे ९० किलो, आतून ४०-५० फूट खाली सोडता येत असे, संकटात झटकन वर यायला. १९६० साली जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ या पाणबुडीतून पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेच्या तळाला, जवळपास ११ किलोमीटर खोल, गेले तेव्हा त्यांच्याकडे कित्येक टन लोखंडी छर्रे होते, विद्युतचुंबकांनी धरून ठेवलेले. वीज गेली की चुंबक सुटणार आणि छर्रे आपोआप गळून पडणार. बिघाड झाला तरी पाणबुडी वरच यावी, अशी ती रचना. याउलट १८६४ साली अमेरिकेत बुडालेली ‘हनली’ पाणबुडी. तिच्या तळाचे लोखंडी ठोकळे आतून सोडता येण्याजोगे होते. २००० साली ती वर काढली तेव्हा ते जागच्या जागी सापडले.

या सोडायच्या वजनासाठी शिसं नको, बीड घ्या. पाण्यात निव्वळ १०० किलो उचल हवी असेल तर शिसं ११० किलो लागतं आणि बीड ११६. जागेचा फरक साडेसहा लिटरचा. तेवढ्यासाठी एखाद्या पाणवठ्याच्या तळाशी शिशाचा गोळा टाकून यायचा? मला ते पटत नाही. बीड तळाशी गंजून पडेल, कोणाच्या पोटात जाणार नाही. शिवाय ओतणं सोपं : लाकडी पॅटर्न करून दिलात तर आपल्या भागातली कुठलीही छोटी ओतशाळा एक नग काढून देईल. एक काळजी घ्या. राखाडी बीड दाबाला भक्कम आणि ताणाला कमकुवत असतं, त्यामुळे वजनाचा कान बिडातच ओतू नका. आरपार भोक ठेवा आणि त्यातून फोर्ज केलेला पोलादी आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) घालून खालून मोठ्या वॉशरवर नट आवळा. कडा गोल ठेवा, वरची बाजू उतरती, म्हणजे चिखल आणि गवत अडकणार नाही.

किती किलोंचं? तुमच्या पाणबुडीत चुकून पाण्याने भरू शकेल असा सर्वात मोठा बंद डबा शोधा. समजा बाहेरचा बॅटरीचा डबा आहे ६० लिटरचा, आणि तोलाची टाकी २५ लिटरची. दोन्ही एकदम भरले तर ८५ किलोंचा बोजा. म्हणून निव्वळ १०० च्या खाली जाऊ नका. १९७३ साली आयर्लंडजवळ ‘पायसिस-३’ या छोट्या पाणबुडीचं मागच्या गोलाचं झाकण तुटलं, तो गोल पाण्याने भरला आणि ती दोन माणसांसकट ४८० मीटर खोल तळाला गेली. स्वतःहून वर येणं तिला शक्य नव्हतं. तीन दिवसांहून जास्त काळाने दोर लावून तिला ओढून काढलं. दोघं वाचले. डबा जेवढा मोठा तेवढं सोडायचं वजन मोठं, नाहीतर डब्याचे दोन भाग करा.

सोडायची यंत्रणा साधी ठेवा : कवचातून जाणारा एक दांडा, त्यावर दोन ओ-रिंग (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या), बाहेर एक आकडा, आत एक लांब मूठ. पाव फेरा फिरवला की वजन खाली. नट उलगडत बसायला लागता कामा नये. पाणबुडी ३० अंश कललेली असतानाही ते सुटलं पाहिजे, हे वर्कशॉपमध्येच तिरपी टांगून पाहा. वजन लांबीच्या मध्यावर लावा, टोकाला लावलंत तर सुटल्यावर नाक आकाशाकडे जाईल. आणि ते गेल्यावरही वजनाचा मध्य खालीच राहतो का, हा हिशोब वेगळा करा. वर येता येता उलटी होणारी पाणबुडी काय कामाची.

खडकवासल्याचा विचार सोडा. ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय तिथे काही उतरवता येत नाही, आणि तळाचा गाळ व गढूळपणा पहिल्या चाचणीला अजिबात योग्य नाही. शिरूर-खेडकडे एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याची रुंद, बांधीव विहीर शोधा. आधी वजनकाट्यावर वजन करा. तो पाच-दहा किलोंच्या पायरीने दाखवतो, त्यामुळे त्याच्यावर अंतिम भरवसा नको. मग हायड्रा क्रेनला मध्ये टांगणीचा काटा लावून पाणबुडी विहिरीत सोडा, आत माणसाऐवजी त्याच्या वजनाचे पाण्याचे कॅन बांधून ठेवा. कॅन, वाळूच्या पिशव्या नव्हे; वाळू फुटली की झडपांत शिरते. टाक्या भरून ती पूर्ण बुडाली की काटा जे दाखवेल तेवढं वजन जादा आहे. काटा शून्यावर येऊन ती किंचित वर तरंगू पाहते, तिथे थांबा. पट्ट्या कमी-जास्त करून हे साधेपर्यंत आत कोणीही बसायचं नाही. सोडायचं वजनही तिथेच, त्याला दोर बांधून, पुन्हा पुन्हा सोडून पाहा. काही अडलं तर मासिकाच्या पत्त्यावर रेखाटन पाठवा, मी जरूर बघेन.

प्रश्न : आमच्या मुलाला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी रिमोटवर चालणारी लहान पाणबुडी करायची आहे. बॅलास्टसाठी इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटी गच्चीवर वितळवू म्हणतोय. चालेल का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही. हे त्याला आजच सांगा. बॅटरीच्या प्लेटी म्हणजे शुद्ध शिसं नव्हे. त्यात आम्ल भिनलेलं असतं, शिशाची संयुगं असतात आणि मिश्रधातूत अँटिमनी, कधी आर्सेनिकही असतं. वितळवताना निघणारा धूर आणि वर जमणारी राख, दोन्ही विषारी. ती राख गच्चीवर राहते, चपलांना लागते, वाळवणावर बसते. शिसं लहान मुलांच्या मेंदूला सर्वात जास्त इजा करतं. शिवाय शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तर क्षणात वाफ होऊन सगळं अंगावर उडतं.

जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मुलाच्या प्रोजेक्टला दोन-चार किलोच वजन लागेल. व्यायामाच्या बिडाच्या चकत्या किंवा जुन्या बाजारात मिळणारी किराणा दुकानातली लोखंडी वजनं त्याला पुरतील. त्यांच्यावर आकडा असतो, हिशोब शिकायलाही बरं.

प्रश्न : आमचं मॉडेल थोडं जड झालंय. बाहेरून थर्माकोल चिकटवून हलकं केलं तर?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : पृष्ठभागावर छान चालेल आणि खाली गेल्यावर फसवेल. थर्माकोल दाबाखाली चेपतो. चेपला की कमी पाणी सारतो, म्हणून उचल घटते, म्हणून मॉडेल आणखी खाली जातं, आणि आणखी चेपतो. तो हळूहळू पाणीही धरतो. आधी आतलं वजन काढून बघ. तरी जमलं नाही तर पीव्हीसी पाइपचे तुकडे घे, दोन्ही टोकांना टोप्या सोल्व्हंटने पक्क्या लाव आणि एक दिवस वाळू दे. मग प्रत्येक तुकडा वजन करून दोर बांधून टाकीच्या तळाशी रात्रभर बुडवून ठेव, सकाळी पुसून पुन्हा वजन कर. ज्याचं वजन वाढलं तो बाजूला.